कसाऱ्याच्या पोटातून

[दृश्य: विमानाची खिडकी, खाली डोंगररांगा]

नागपूरहून आलेलं विमान मुंबईकडे उतरू लागलं की पंखाखाली सह्याद्री दिसतो आणि बघता बघता मागेही पडतो. सरळ रेषेत हे अंतर सुमारे 680 किलोमीटर. हवेतला वेळ सव्वा ते दीड तास. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दी असली की विमानं वरच घिरट्या घालत थांबतात. पण डोंगर त्यांच्या आड येत नाही.

[दृश्य: कसारा स्थानक]

जमिनीवर मात्र तोच आड येतो. रेल्वेनं नागपूर ते मुंबई 837 किलोमीटर. थळघाटातून, म्हणजे कसारा घाटातून, गाडी धावू लागली 1865 साली. चढ असा, की 37 मीटर पुढं गेलं की 1 मीटर वर. मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याला थांबते आणि तिला मागून जादा इंजिनं लागतात. रेल्वेचे लोक त्यांना बँकर म्हणतात. कपलिंग अडकतं, शिट्ट्यांची देवाणघेवाण होते, मग पुढून ओढ आणि मागून रेटा. दीडशे वर्षांनंतरही हा घाट इंजिनाचा कस काढतो.

[दृश्य: समृद्धी महामार्ग, ड्रोन]

आता रस्ता. समृद्धी महामार्ग, नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, 701 किलोमीटर. सरळ रेषेच्या इतक्या जवळ जाणारा रस्ता या दोन शहरांमध्ये याआधी कधीच नव्हता. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला. इगतपुरी ते आमणे हे शेवटचे 76 किलोमीटर खुले व्हायला 5 जून 2025 उजाडलं. वऱ्हाड, मराठवाड्याची सपाटी रस्त्यानं आधी गाठली. सह्याद्रीनं थांबवून ठेवलं.

[दृश्य: इगतपुरीचा बोगदा]

हा काळा बेसॉल्ट. त्यात भोकं पाडायची, दारू भरायची, स्फोट करायचा. धूर निघून गेला की दगडांचा ढीग उपसायचा, छताचे सुटलेले तुकडे पाडायचे, पोलादी बोल्ट ठोकायचे आणि लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा. मग पुन्हा भोकं. असे काही मीटर, काही मीटर करत पावणेआठ किलोमीटरचे दोन जुळे बोगदे तयार झाले. आत कुठं आग लागलीच, तर उष्णता ओळखून पाण्याचे बारीक फवारे सुरू होतात. वर कसारा घाटाची वळणं, ट्रकांची रांग, पावसाळ्यातलं धुकं. खाली गाडी काही मिनिटांत पार. ज्यांनी हा दगड फोडला, त्यांची नावं कुठल्याच कमानीवर नाहीत. ती असायला हवीत.

[दृश्य: रिकामा सरळ रस्ता, संध्याकाळ]

सोळा तासांचा प्रवास आठवर आला. कारला सपाटीवर ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, टायर तापून फुटतात, आणि 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले.

[दृश्य: आमणे, टोलनाका]

हे आठ तास आमण्यापर्यंतचे. पुढं भिवंडी, ठाणे आणि मुंबईची रोजची कोंडी. मुंबईकराला आणि नागपूरकराला घराच्या दारापर्यंतचा वेळ हवा असेल, तर पुढचं काम या शेवटच्या तुकड्यावरच व्हायला हवं.