सम तारीख त्यांची, विषम माझी

श्रोतेहो, नमस्कार.

निफाड तालुक्यातल्या माणसाला थंडीबद्दल बोलायला कुणी बोलावलं, की मनातून बरं वाटतं. एरवी आमचं नाव निघतं ते लासलगावच्या कांद्यासाठी, आणि तेही बहुतेक वेळा कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आल्यावर. डिसेंबर लागला की मात्र कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक सकाळी सकाळी फोन करतात, "काय गं, आज किती?" जणू रात्री उठून तो पारा मीच खाली ढकलून आलेय.

यंदा या फोनांचा आमच्या लेकीला कंटाळा आला. दिवाळीला आली तेव्हा तिने तिचा जुना मोबाईल आमच्या हातात दिला आणि म्हणाली, "रोज एक फोटो पाठवा. तुम्ही दोघं ठीक आहात एवढं मला त्यावरून कळेल." फोन एक आणि आम्ही दोघं. मी निवृत्त शिक्षिका, तीस वर्षं गणित शिकवलेली. हे द्राक्षबागायतदार. दोघांनाही मोबाईलमधलं फारसं कळत नव्हतं, म्हणून आधी नियम ठरवले. नियम करायची सवय माझी, मोडायची यांची.

पहिला नियम, 1 डिसेंबरपासून महाशिवरात्रीपर्यंत रोज एकच फोटो. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, तेव्हा आपणही थांबायचं. दुसरा, सम तारखेला फोटो यांचा, विषम तारखेला माझा. तिसरा, सण, लग्नं, देखावे, पक्षी यांचे फोटो काढायचे नाहीत. आता आमच्यापासून नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ. 2020 साली त्याला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय मान, जाहीर झाला, महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर ठिकाण. थंडीत तिथे हात-हातभर लांब लेन्स घेऊन लोक येतात. त्यांच्यापुढे आमच्या फोनची काय कथा! (त्यातलीच चार मंडळी, पानापाचोळ्याच्या रंगाचे कपडे घातलेली, एकदा रस्ता चुकून आमच्या ओट्यावर चहाला बसली होती. तो फोटो मी काढला. पक्ष्यांचा नव्हता, म्हणजे नियमात बसत होता.)

आणि चौथा नियम, जो यांनी सुचवला आणि सगळ्यांत जड गेला तो. आपल्या कामाचा फोटो आपण काढायचा नाही, दुसऱ्याच्या कामाचा काढायचा.

म्हणजे झालं असं, की छत्तीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा पहाटे चारला बागेत गेले आणि हे पहिल्यांदा पहाटे पाचला स्वयंपाकघरात आले.

बागेतली पहाट मला ऐकून माहीत होती. ऑक्टोबर छाटणी झालेली बाग डिसेंबर-जानेवारीत घडांनी भरलेली असते आणि त्याच वेळी थंडी कडक होते. मण्यांत पाणी उतरायला लागलं आणि पारा पाच-सहा अंशांवर आला, की मणी तडकायची भीती. मग ओळींच्या कडेने शेकोट्या करायच्या. काटक्या, भुसा, ओला पालापाचोळा; जाळ कमी आणि धूर जास्त असं ते काम. हे सगळं मी जेवणाच्या ताटावर शेकडो वेळा ऐकलेलं. पण धूर वर जात नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे वारा पडलेला असतो. जमिनीलगतची हवा गारठलेली, तिच्यावरची जरा उबदार. धूर डोक्याएवढा चढतो, तिथे अडतो आणि आडवा पसरतो, बागेवर कुणी चादर ओढावी तसा. त्या चादरीखाली हे हातात विजेरी घेऊन ओळी-ओळींतून फिरत होते आणि मला फक्त यांचे पाय दिसत होते.

तो माझा पहिला फोटो. तो हलला. अंधारात मोबाईल फोटो घ्यायला वेळ लावतो, तेवढा वेळ हात स्थिर हवा, आणि माझे हात तर थंडीने वाजत होते. दुसऱ्यांदा मी फोन मांडवाच्या अँगलला टेकवला, श्वास रोखला. श्वास सोडला तर त्याची वाफ काचेवर बसत होती. तरी धूर राखाडी आणि मळकट आला. लेकीने मग फोनवरून शिकवलं, की कॅमेऱ्याला समोर फार पांढरं दिसलं की तो बुजतो आणि सगळंच मधल्या राखाडी रंगावर आणून ठेवतो. धुक्यावर बोट टेकवायचं आणि उजेडाची रेघ वर सरकवायची. वर्गातल्या हुशार मुलाला सरासरीत ओढणारे मास्तर असतात ना, तसाच हा कॅमेरा.

बागेत मला आणखी एक गोष्ट सापडली. दिवसा ऊन आणि रात्री गारठा, यातलं अंतर वाढलं की थॉमसन जातीच्या हिरव्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडतात आणि त्यांचा भाव पडतो. म्हणून घडांना कागद लावतात, जुने पेपर. आमच्या बागेत जानेवारीत मैलभर बातम्या लटकत असतात. मी फोटो काढायला गेले आणि वाचतच बसले. एका घडावर निवडणूक, एकावर स्थळं पाहिजेत, एकावर अर्धवट शब्दकोडं. यांनी हाक मारली तेव्हा मी उभा शब्द शोधत होते. त्या दिवशीचा फोटो शब्दकोड्याचाच.

आता यांच्या तारखा. 2 डिसेंबरला यांनी बंब पेटवताना माझा हात टिपला. राख, काटकी आणि दोन बोटं. बरा होता. 4 तारखेला चहाच्या वाफेत तोंड हरवलेली मी. 6 तारखेला, मी चुलीपुढे पाटावर बसून भाकरी थापतेय आणि फोटो माझ्या टाचांचा. थंडीत माझ्या टाचांना भेगा पडतात, रात्री मेण-तेल लावते, सकाळी पुन्हा जैसे थे. त्या भेगांत पीठ बसलेलं. आणि हा फोटो यांनी लेकीला नाही, सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला!

मी दिवसभर बोलले नाही. रात्री म्हटलं, "अहो, काढून टाका तो." हे म्हणाले, "काढलेला फोटो टाकायचा नाही असं ठरलंय." तसं काही ठरलेलं नव्हतं. मग यांनी हळूच विचारलं, "एवढ्या दुखतात का गं?" याचं उत्तर मी देणार नव्हते, आणि दिलंही नाही. पण पाचवा नियम त्या रात्री झाला. माणसाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो काढायचा नाही, नवरा-बायको असले तरी.

त्या नियमाने पुढे मला सांभाळून घेतलं. उन्हाळ कांद्याची लागवड आमच्याकडे याच दिवसांत. सकाळी पिकअपमध्ये दाटीवाटीने उभ्या राहून बायका येतात, रात्रीच्या पाण्याने भिजलेल्या वाफ्यात उतरतात, आणि ओणव्याने एक-एक रोप चिखलात खोचत मागे सरकतात. त्या चिखलात बोट घालून बघा कधी. मी त्यांच्या हातांचा फोटो काढायला गेले होते. विचारलं, तर एक बाई म्हणाली, "तोंडाचा काढा बाई. हात काय बघायचे?" मला माझ्या टाचा आठवल्या. मी तोंडाचा काढला. तिने आधी पदर सारखा केला, मग हसली, आणि हसताना तिच्या गालावरचा चिखल वाळून तडकला. हातांपेक्षा तो फोटो चांगला आला हे मी यांच्यापाशी कबूल केलं. तिच्यापाशी करायला हवं होतं. पिकअप निघून गेली होती.

आता गणिताच्या बाईचा एक गुन्हा कबूल करते. विषम तारखा मी मुद्दाम मागून घेतल्या होत्या. 31 डिसेंबर विषम आणि दुसऱ्या दिवशी 1 जानेवारी, तीही विषम. 31 जानेवारी विषम, 1 फेब्रुवारीही विषम. महिना 31 दिवसांचा असला की विषमवाल्याला लागोपाठ दोन दिवस मिळतात. 1 जानेवारीला हे उठून फोन घेऊन बसलेले, मी म्हटलं, "द्या इकडे, आज एक तारीख." बोटं मोजत यांनी दहा मिनिटं घालवली. मग एवढंच म्हणाले, "शाळेत पोरांना असंच फसवायचीस काय?" महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला आली. एकूण 77 दिवस, त्यात माझे 40 आणि यांचे 37.

मोजण्यावरून आठवलं. आमची ओसरी दक्षिणेला तोंड करून आहे. मे महिन्यात दुपारचं ऊन तिच्या उंबऱ्याला शिवत नाही, आणि डिसेंबरात थेट आतल्या खांबापर्यंत येतं, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला. भर दुपारीसुद्धा तो आभाळात निम्म्यापर्यंतच चढतो. मी रोज दुपारी उन्हाच्या कडेवर खडूची रेघ मारायला लागले. 22 डिसेंबरच्या आसपास रेघा एकमेकींवर पडल्या, आणि मग ऊन माघारी निघालं. हे पुस्तकात होतंच, शिकवलंही होतं.

पण एक गोष्ट तीस वर्षांत मी शिकवली नव्हती, ती फोटोंनी शिकवली. आमच्या फाट्यावर सकाळी सात वाजता दुधाची गाडी येते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या फोटोत कॅनच्या झाकणावर कोवळं ऊन आहे. जानेवारीच्या मध्यावर त्याच गाडीचा, त्याच वेळेचा फोटो काढला, तर झाकण काळं आणि गाडीचे दिवे लागलेले. मी चक्रावले. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, मग सकाळ मागे कशी गेली? पंचांग काढलं, वेळा लिहून काढल्या. आमच्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सातच्या आत उगवतो आणि जानेवारीच्या मध्याला सात वाजून दहा मिनिटं उलटून गेल्यावर. दिवस 22 डिसेंबरनंतर वाढतो हे खरं, पण तो वाढतो संध्याकाळच्या टोकाला. सकाळ जानेवारी अर्धा सरेपर्यंत उशिराच होत जाते. पृथ्वी कललेली आहे आणि तिची सूर्याभोवतीची वाटही नेमकी वर्तुळ नाही, त्यामुळे घड्याळातले बारा आणि डोक्यावरचा मध्यान्ह यांचा मेळ वर्षभर मागे-पुढे होतो. तीस वर्षं मी पोरांना जानेवारीत उशिरा आल्याबद्दल उभं केलं. थोडा सूर्याचाही उशीर होता तो.

संक्रांत 14 जानेवारी, म्हणजे सम. सणाचा फोटो नको हा नियम होता, पण यांनी पळवाट काढली. सणाचा नाही, आदल्या तासाचा फोटो. मी गुळाचा पाक वाटीतल्या पाण्यात टाकून बोटाने गोळी होते का बघतेय, आणि कपाळाला आठी. "ही आठी सहामाही पेपर तपासतानाची," हे म्हणाले. तो फोटो खरंच छान होता. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचं कौतुक झालं आणि त्याबरोबर माझ्या धुराच्या फोटोचंही, "काकांचा हात चांगला बसलाय." दूधगाडी, कांदा लावणारी बाई, शब्दकोडं, सगळं काकांच्या नावावर! मी तीन वेळा लिहिलं, की विषम तारखा माझ्या आहेत. एका भाच्याने अंगठा दाखवला, बस्स.

मग मला होमाई व्यारावाला आठवल्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्या मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, कॅमेरा माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून शिकल्या, आणि पुढे दोघांचं लग्न झालं. सुरुवातीचे त्यांचे मुंबईचे फोटो माणेकशॉंच्या नावाने छापून यायचे. हे मी यांना सांगितलं. पुढच्या विषम तारखेपासून हे माझा फोटो पाठवताना खाली माझं नाव लिहू लागले, आणि पुढे कंसात 'निवृत्त'. तो कंस कशाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

एक दिवस मात्र राहिला. 8 जानेवारी, यांची तारीख. आदल्या रात्री पारा उतरला. बागेला पाणी दिलं की मुळांशी ऊब धरते, म्हणून हे पंपाच्या विजेच्या रात्रीच्या पाळीची वाट बघत जागे होते. थ्री फेज आली आणि अर्ध्या तासात गेली. मग रात्रभर शेकोट्या. सकाळी खालच्या अंगाच्या चार ओळींत मणी तडकलेले. हे बांधावर बसले, फोन खिशात. मी म्हटलं, मी काढू का? म्हणाले, "आज तारीख माझी आहे." आणि काढला नाही. रात्री लेकीचा फोन आला, "आज फोटो नाही?" हे म्हणाले, "आम्ही ठीक आहोत."

शिवरात्रीनंतर निफाडच्या स्टुडिओतून सगळे फोटो छापून आणले, 76. माझा हिशेबी स्वभाव, 8 तारखेची चौकट मी वहीत रिकामी सोडली होती. फेब्रुवारीत काढणी झाली, घडांवरचे कागद उतरवले. एका संध्याकाळी वही उघडली, तर त्या चौकटीत पेपरचा तुकडा चिकटवलेला. घडाचा गोल डाग पडलेला, आणि त्याच्या कडेला शब्दकोड्याचा कोपरा. तो उभा शब्द यांनी पेनाने भरला होता. चुकीचा होता. मी तसाच ठेवलाय.

हे भाषण मी वाचतेय ती तारीख 22 आहे, सम. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंशेजारी हे बसलेत. प्रकल्प संपलाय, हे मी त्यांना येताना दोनदा सांगितलं. पण बोलणं हे आज माझं काम आहे, आणि यांनी फोन वर धरलाय, मान हलवून विचारतायत, काढू का?

काढा.

नमस्कार.