पत्ता दिलात, आता घर सांभाळा

(मालवणात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

इथल्या बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी एक डबी बसवली होती. काम साधं. बर्फाच्या खोलीचं तापमान मोजायचं आणि दर पाच मिनिटांनी सिमकार्डावरून सर्व्हरला पाठवायचं. डबीत छोटं लिनक्स होतं, त्यात लिबकर्ल (इंटरनेटवरून माहिती पाठवणारी तयार लायब्ररी) आयतंच होतं, आणि माझा प्रोग्रॅम रस्ट या भाषेत. चार दिवस झकास चाललं. पाचव्या दिवशी कारखाना सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला, "तुमचा मशीन खुळावला काय वो?"

सर्व्हरवर आलेला मजकूर उघडून बघितला. लांबी बाईटला बाईट बरोबर, पण तापमानाचा पत्ता नाही. त्या जागी माझ्याच लॉगमधल्या, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःसाठी ठेवलेल्या नोंदींतल्या, एका ओळीचा तुकडा, मध्येच तुटलेला.

माझी पहिली शंका नेटवर्कवर गेली. आपल्याकडे पावसात काहीही बिघडलं की आपण टॉवरला शिव्या घालतो. पण टॉवर लांबी नेमकी तेवढीच ठेवून आतला मजकूर बदलत नाही.

लिबकर्ल ही सी भाषेतली लायब्ररी. कर्ल हा प्रोग्रॅम डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये आणला, त्याची लायब्ररी २००० मध्ये आली. तिला यूआरएलसारखी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, दिली की ती स्वतःची प्रत काढून ठेवते. २००७ पासून तसंच आहे. त्यामुळे हात सैल पडतो. पण पाठवायचा मजकूर ज्या 'पोस्टफील्ड्स' पर्यायाने देतात, तो याला अपवाद. तिथे प्रत निघत नाही, लायब्ररी नुसता पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, लक्षात ठेवते. पाठवणं संपेपर्यंत ती मेमरी तुम्ही जपायची, असं माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय. मी ते वाचलंही होतं.

समजा, मुंबईच्या चाकरमान्याने टेम्पोवाल्याला सांगितलं, गावच्या घरातून दहा पेट्या उचल. आणि टेम्पो पोचायच्या आत ते घर भाड्याने देऊन टाकलं. टेम्पोवाला प्रामाणिक आहे. तो सांगितलेल्या घरातून मोजून दहा खोके उचलतो. आत हापूस आहे की भाडेकरूची भांडी, हे बघणं त्याचं काम नाही.

मी हेच केलं होतं. मजकूर ठेवायचं एक फंक्शन होतं. ते स्ट्रिंग ताब्यात घ्यायचं, तिचा पॉइंटर लिबकर्लला द्यायचं आणि संपायचं. फंक्शन संपलं की रस्टने नियमाप्रमाणे स्ट्रिंग मोकळी केली. पाठवायचा हुकूम नंतर. माझ्या लॅपटॉपवर मोकळ्या झालेल्या जागेत जुनीच अक्षरं पडून असायची, म्हणून सगळं बरोबर दिसायचं. डबीत सिग्नल गेला, लॉग लिहिला गेला, त्याच जागेत नवा भाडेकरू आला.

रस्टचा कंपायलर एरवी अशा चुका आधीच पकडतो, मग इथे गप्प का बसला? कारण कच्च्या पॉइंटरला लाइफटाइम, म्हणजे तो पत्ता कधीपर्यंत खरा याची नोंद, नसते. 'अनसेफ' लिहिलं की आपण त्याला सांगतो, इथली जबाबदारी माझी. सी लायब्ररीवर सुरक्षित रॅपर, म्हणजे रस्टचं आवरण, चढवायचा म्हणजे माहितीपत्रकातली अशी एकेक अट टाइपमध्ये आणायची, म्हणजे रॅपर वापरणाऱ्याला ती मोडताच येऊ नये. लिबकर्लचं प्रत्येक काम एका हँडलने ओळखलं जातं. मी मजकूर त्या हँडलच्याच स्ट्रक्टमध्ये (अनेक फील्डांच्या एका गठ्ठ्यात) ठेवला. स्ट्रक्ट संपताना रस्ट आधी त्याचं ड्रॉप फंक्शन चालवतं, मग आतली फील्डं मोकळी करतं. ड्रॉपमध्ये लिबकर्लचं हँडल बंद केलं की क्रम आपोआप बरोबर पडतो.

पण फील्डमध्ये ठेवलं की झालं, असंही नाही. लिबकर्लला चुकांचा मजकूर लिहायला २५६ बाईटांची जागा द्यावी लागते. मी स्ट्रक्टमध्येच तेवढा ॲरे ठेवला आणि त्याचा पत्ता देऊन टाकला. मग फंक्शनमधून स्ट्रक्ट परत केलं, आणि तो मेमरीत दुसरीकडे गेला. रस्टमध्ये किंमत अशी सरकवणं रोजचंच. सीला ते कोण कळवणार? ॲरे बॉक्समध्ये टाकला, म्हणजे हीप नावाच्या वेगळ्या मेमरीत ठेवला, तेव्हा पत्ता स्थिर झाला. स्ट्रिंगला हा त्रास नाही, तिची अक्षरं आधीच हीपवर असतात. या एका फरकाने माझी अख्खी रात्र खाल्ली.

कॉलबॅकचं, म्हणजे आपण सीला देतो आणि सी उलट बोलावते त्या फंक्शनचं, थोडक्यात सांगतो. सीने बोलावलेल्या रस्ट फंक्शनात पॅनिक झालं (चूक होऊन काम मध्येच सुटलं) आणि ते सीच्या हद्दीत शिरलं, तर पूर्वी काहीही होऊ शकायचं, रस्ट १.८१ पासून प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. म्हणून पॅनिक आतच पकडायचं आणि मिळालेल्या बाईटांपेक्षा वेगळा आकडा परत करायचा. लिबकर्ल ती चूक समजून थांबतं. थ्रेडचं, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांचं, म्हणाल तर हँडल एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे द्यायला हरकत नाही, एकाच वेळी दोघांनी वापरायचं नाही. म्हणजे 'सेंड' आहे, 'सिंक' नाही. कॉलबॅकमध्ये दिलेला क्लोजरही (आसपासच्या किंमती सोबत नेणारं छोटं फंक्शन) 'सेंड'च हवा, हे विसरायला सोपं.

एवढं करूनही लायब्ररीच्या पोटातली चूक रॅपरला झाकता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिबकर्लमध्येच एक भोक सापडलं. सॉक्स-५ प्रॉक्सीमार्गे, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमार्गे, जाताना होस्टचं नाव २५५ बाईटांहून लांब असेल, तर काही परिस्थितीत हीपवरची शेजारची मेमरी पुसली जायची. दुरुस्ती ८.४.० मध्ये आली. आमची डबी सॉक्स वापरतच नव्हती, तरी परतीच्या पावसात एसटीने मालवण गाठलं आणि लायब्ररी बदलली. काका दारातच उभे होते. "परत खुळावला?"