कोल्मा: जिथे मेलेल्यांचीही बदली झाली

हा जो हिरवागार उतार दिसतोय ना, तो गोल्फ कोर्स वाटतो पण नाहीये, जरा खाली बघा, दगड दिसतील. हे कोल्मा. कॅलिफोर्नियातली सॅन मटेओ काउंटी, एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला बे म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची खाडी, आणि डोक्यावर सॅन फ्रान्सिस्को. गावात राहतात जेमतेम दीड हजार माणसं आणि जमिनीखाली आहेत साधारण १५ लाख. गावकरीच गमतीने म्हणतात, कोल्मात जिवंत असणं म्हणजे काय भारी!

आता एवढे लोक इथे आले कुठून? तर शेजारच्या शहरातून, आणि बरेचसे मेल्यावर कित्येक वर्षांनी. झालं असं की सॅन फ्रान्सिस्को वाढत गेलं, जागेचे भाव चढले, वर कबरींमुळे रोगराई पसरते अशी ओरड सुरू झाली, मग १९०० साली शहराने ठरवलं की इथून पुढे शहरात दफन बंद. तोवर काही स्मशानभूमींनी आधीच कोल्माची वाट धरली होती, होली क्रॉस १८८७ सालची, सायप्रस लॉन १८९२ ची. लोक प्रेतयात्रा ट्रॅमने आणायचे, त्यासाठी वेगळे डबेच असायचे, शवपेटी आणि नातेवाईक एकाच गाडीत.

पण खरी गोष्ट पुढची. १९१४ मध्ये शहराने जुन्या स्मशानभूमींना नोटिसा काढल्या, की जे आधीच पुरलेत तेही हलवा. म्हणजे भाडेकरूला काढतात तसं! कोर्टकज्जे, मतदान, भांडणं यात वीस-पंचवीस वर्षं गेली आणि शेवटी १९३७ च्या मतदानानंतर उरलेल्या मोठ्या स्मशानभूमीही उठल्या. एकट्या लॉरेल हिलमधून सुमारे ३५ हजार जणांचे अवशेष सायप्रस लॉनला आणले, एका गवताळ उंचवट्याखाली सगळे एकत्र.

आणि दगड? नातेवाइकांनी खर्च केला तर दगड सोबत, नाहीतर तो शहरातच राहिला. असे बेवारस दगड समुद्राच्या बांधाला टाकले, ब्युएना व्हिस्टा पार्कच्या गटारींना लावले, तिथे आजही एखाद्या फरशीवर अर्धवट अक्षरं वाचता येतात. ओशन बीचवर वाळू सरकली की अधूनमधून एखादा दगड वर येतो. मला विचाराल तर माणसं हलवली याच्यापेक्षा नावं मागे टाकली हे जास्त लागतं.

नावं राहिली ती बड्यांची. जीन्सवाले लेव्ही स्ट्रॉस इथे आहेत, बेसबॉलपटू डिमॅजिओ आहे, आणि वेस्टर्न सिनेमांतून आपण बघितलेला वायट अर्प चक्क ज्यू स्मशानभूमीत आहे, कारण बायको ज्यू होती. त्याचा दगड तर चोरीलाही गेला होता. पाळीव कुत्र्यामांजरांची पण वेगळी स्मशानभूमी आहे, हो खरंच.

या सगळ्याच्या मधून जातो एल कामिनो रियल, स्पॅनिश धर्मप्रचारकांच्या मिशनांना जोडणारा जुना रस्ता, आज दुतर्फा शोरूम आणि कबरी.

पूर्वेला बेकडे गेलात की पूल. डम्बार्टन, १९२७ चा, बेवरून गाड्या नेणारा पहिला पूल, दोन वर्षांनी सॅन मटेओचा. दोन्हींच्या जागी आता नवे पूल आहेत आणि खाडीपलीकडच्या फ्रीमाँटकडून रोज ऑफिसला जाणारी आपली मराठी मंडळी तिथे ट्रॅफिकमध्ये अडकून पॉडकास्ट ऐकत बसतात, जुन्या पुलाच्या उरलेल्या टोकावर लोक गळ टाकून बसायचे हे त्यांच्या गावीही नसतं. हाफ मून बे या गावात मात्र मेन स्ट्रीटवरचा १९०० सालचा छोटा काँक्रीटचा पूल अजून आहे, तो पाडायचा घाट घातला होता, २०१४ मध्ये गावाने मत देऊन तो वाचवला.

आणि आता किनारा. डेव्हिल्स स्लाइड. नाव उगाच नाही, इथला डोंगरच खाली समुद्राकडे सरकतो. १९३७ मध्ये हायवे वन इथून काढला आणि तेव्हापासून रस्ता खचायचा, बंद व्हायचा, पुन्हा दुरुस्त, पुन्हा खचायचा, २००६ मध्ये तर कित्येक महिने बंद. डोंगरावरून वळसा घालायचा बेत होता, पण १९९६ मध्ये लोकांनी मत दिलं, बोगदा करा. २०१३ मध्ये टॉम लँटोस बोगदे उघडले, सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि पुढच्याच वर्षी जुना रस्ता पायवाट म्हणून खुला केला.

आत्ता आपण त्याच जुन्या रस्त्यावरून चालतोय, डांबर तेच, गाड्या नाहीत, खाली लाटा आणि वर डोंगर, जो अजूनही सरकतोय. वारा भयंकर असतो, जॅकेट घेऊन या आणि गाडी लवकर लावा, पार्किंग अगदी थोडं आहे.