तेरा भाकितं आणि एक भेग

(दृश्य : यंत्राच्या जबड्यांत पकडलेली पोलादी सळई)

इंजिनिअरिंगच्या पोरांना हा प्रयोग नवा नाही. मऊ पोलादाची सळई यूटीएममध्ये, म्हणजे धातू ओढून-दाबून पाहणाऱ्या चाचणी-यंत्रात, पकडायची आणि ओढायची. सुरुवातीला ती शहाण्यासारखी वागते : ताण सोडला की मूळ लांबीवर परत. मग एक टप्पा येतो आणि त्यापुढे परतीची वाट बंद होते. सळई लांबत जाते, मध्येच एका जागी मान काढल्यासारखी बारीक होते. सगळे यंत्राकडे टक लावून उभे, आणि... ठाक्!

(दृश्य : तुटलेली दोन टोकं, अगदी जवळून)

एक टोक वाटीसारखं. दुसरं त्या वाटीत बसेल असं, शंकूसारखं.

आता हेच कॉम्प्युटरवर करू. सळईचे हजारो बारीक तुकडे कल्पायचे. ही झाली जाळी, म्हणजे मेश. प्रत्येक तुकड्यावर ताण किती, तो लांबला किती, याचा हिशेब पायरीपायरीने मांडत जायचा. वाकणं, लांबणं, दबणं, इथवर हे गणित छान चालतं. गाडीच्या बॉनेटचा डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारा साचा, बनवण्याआधी पत्रा कुठे सुरकुतेल, कुठे पातळ होईल, हे आज स्क्रीनवरच पाहून घेतात.

घोडं अडतं ते तुटण्यापाशी.

कारण सळई बाहेरून तुटायला लागत नाही. त्या बारीक झालेल्या मानेच्या आत, मधोमध, पोलादातल्या सूक्ष्म परक्या कणांभोवती पोकळ्या धरतात. ओढ वाढली की त्या फुगतात, शेजारणीला जाऊन मिळतात. बाहेरून सळई धडधाकट दिसते, तेव्हा आत भेग तयार असते. अशा आतून पोखरत जाणाऱ्या धातूचं गणित आर्थर गर्सन यांनी १९७७ साली मांडलं. डेन्मार्कचे विगो ट्वेरगार्ड आणि अमेरिकेचे ॲलन नीडलमन यांनी ते सुधारून १९८४ मध्ये सळईला लावलं. कॉम्प्युटरमधली भेग मधून निघाली, आडवी पसरली आणि कडेजवळ येताच तिरकी वळली. वाटी आणि शंकू!

पण यात एक गोम आहे. धातू कमजोर पडू लागला की सगळं नुकसान जाळीतल्या एकाच ओळीत गोळा होतं. जाळी बारीक केली की ती ओळही बारीक होते आणि तुटायला लागणारी ऊर्जा कमी दिसते. धातू तोच, उत्तर मात्र जाळीगणिक वेगळं. यावर उपाय निघाले आहेत. पण बहुतेक उपायांत एखाददुसरा आकडा प्रयोगाशी जुळवून घ्यावा लागतो, आणि निकाल आधीच हातात असेल तर जुळवायला कितीसा वेळ लागतो? फुटलेल्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवावेत, तसंच ते.

(दृश्य : खाच आणि भोकं असलेला स्टीलचा नमुना)

२०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने न फुटलेला पेपर काढला. बाजारात सहज मिळणारं १५-५ पीएच स्टेनलेस स्टील. त्याच्या नमुन्यात एक खाच, खाचेपुढे काही भोकं. भेग कुठून सुटेल? कोणत्या वाटेने जाईल? त्या वेळी बल किती असेल? जगभरातून १३ गट उतरले. कुणी कागदावर मावेल असा साधा हिशेब केला, कुणी धातूच्या सूक्ष्म रचनेपर्यंत खोल जाणारी सिम्युलेशनं चालवली. प्रयोग वेगळीकडे, आकडेमोड वेगळीकडे, आणि दोन्ही गुलदस्त्यात.

भाकितं उघडली तेव्हा ती चहूकडे पांगलेली होती. काही पद्धती इतरांपेक्षा बऱ्या निघाल्या. पण गटागटांत मेळ नाही, हे आयोजकांनी अहवालात आडपडदा न ठेवता लिहिलं. मला या सगळ्यात हा अहवालच जास्त मोलाचा वाटतो. रंगीत सिम्युलेशनं तर कुणीही दाखवतं.

पुढची फेरी २०१४ साली झाली. टायटॅनियमचा मिश्रधातू, एकदा हळू ओढलेला, एकदा जोरात. १४ गट आले. तिसऱ्या फेरीत २१. त्या वेळी नमुना थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेल्या स्टेनलेस स्टीलचा होता, आणि कुठलंही ड्रिल पोचणार नाही अशा जागी, धातूच्या आत, पोकळ्या मुद्दामच ठेवल्या होत्या.