व्हाइटनर लावलेली निवडणूक

(दृश्य: लिलाँग्वे शहर, पहाट. रिकामा रस्ता, बंद दुकानं. रस्त्याच्या कडेला उभे सैनिक.)

3 फेब्रुवारी 2020. मलावी या देशाची राजधानी, लिलाँग्वे. शाळा बंद, दुकानांची शटर खाली. लष्कराच्या बंदोबस्तात पाच न्यायाधीश न्यायालयात येतात. अंगावर बुलेटप्रूफ जाकिटं आहेत. हीली पोटानी, आयव्ही कामांगा, रेडसन कापिंदू, डिंगिस्वायो मडिसे आणि माइक टेंबो अशी त्यांची नावं. ते आत जातात, आसनावर बसतात आणि निकाल वाचायला लागतात. निकालपत्र पाचशे पानांचं. वाचन जवळपास दहा तास चालतं, आणि देशभर लोक रेडिओला कान लावून बसलेले असतात.

प्रश्न एकच होता. आठ महिन्यांपूर्वी झालेली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक खरी धरायची की नाही?

आफ्रिकेतल्या निवडणुकांची बातमी आपल्यापर्यंत बहुतेक वेळा दोनच प्रकारांनी पोचते. कुठेतरी दंगल झाली, किंवा कुठेतरी लष्करानं सत्ता घेतली. मलावीची गोष्ट या दोन्हींत बसत नाही, म्हणून ती आपल्यापर्यंत फारशी आलीच नाही. ती नीट सांगायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: मलावी सरोवर, होड्या, किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी. मग मक्याची शेतं.)

आफ्रिकेच्या आग्नेय भागातला हा चिंचोळा देश. समुद्रकिनारा नाही, पण पूर्वेला समुद्रासारखं पसरलेलं सरोवर आहे. 2018 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन कोटी भरली. जगातल्या सर्वात गरीब देशांत याची गणना होते. लोक शेतीवर जगतात. खायला मका, परकीय चलनासाठी तंबाखू आणि चहा. शिवाय तूर. 2021 मध्ये भारत सरकारनं दरवर्षी 50 हजार टन मलावीची तूर आणायचं पाच वर्षांसाठी ठरवलं. आपल्याकडे तुरीच्या आयातीवर चर्चा निघते, तेव्हा म्यानमार आणि मोझांबिकच्या जोडीनं मलावीचंही नाव येतं ते यामुळे.

1964 साली ब्रिटिश गेले आणि डॉ. हेस्टिंग्ज कामुझू बांडा सत्तेवर आले. त्यांनी तीस वर्षं राज्य केलं. मलावी काँग्रेस पार्टी हा एकच पक्ष. 1971 मध्ये ते तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले. बायकांनी पँट घालायची नाही, पुरुषांनी केस वाढवायचे नाहीत, इथपर्यंत त्यांचा हुकूम चालायचा. 1983 मध्ये तीन मंत्री आणि एका खासदाराला ठार मारण्यात आलं आणि मोटार अपघातात गेले असं जाहीर झालं. अशा देशात 8 मार्च 1992 रोजी, रविवारी, कॅथलिक बिशपांनी लिहिलेलं एक पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचून दाखवलं गेलं. गरिबी, भ्रष्टाचार, बोलण्याची बंदी, सगळं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते पत्र जवळ बाळगणं हा सरकारनं गुन्हा ठरवला. पण तोवर लोकांनी ते ऐकलं होतं.

पुढच्या वर्षी, 14 जून 1993 ला, सार्वमत झालं. मतदारांपुढे दोन चिन्हं होती. एकपक्षीय राजवटीसाठी काळा कोंबडा, बहुपक्षीय लोकशाहीसाठी कंदील. साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी कंदिलाला मत दिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लष्करानं बांडांच्या ‘यंग पायोनिअर्स’ या सशस्त्र संघटनेची हत्यारं काढून घेतली. 1994 च्या निवडणुकीत बांडा हरले आणि पायउतार झाले.

मलावीचं लष्कर तिथून पुढेही लक्षात ठेवण्यासारखं वागलं. 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांचं अचानक निधन झालं. उपाध्यक्ष जॉयस बांडा यांना डावलून दुसऱ्यालाच गादीवर बसवण्याची खटपट मंत्रिमंडळातल्या काहींनी सुरू केली. लष्करप्रमुखांनी जॉयस बांडांना संरक्षण दिलं आणि राज्यघटनेप्रमाणे त्याच राष्ट्राध्यक्ष झाल्या. जवानांच्या हातात बंदुका होत्या, सत्ता घ्यायची संधीही होती. त्यांनी ती घेतली नाही.

(दृश्य: शाळेची खोली. बाकांवर मतपेट्या. रात्र. बॅटरीच्या दिव्याखाली मतमोजणी.)

आता येऊ 21 मे 2019 वर. मतदान शांततेत झालं. मलावीत मतं त्याच केंद्रावर, त्याच रात्री मोजली जातात. बहुतेक ठिकाणी केंद्र म्हणजे शाळेची खोली. केंद्रप्रमुख एकेक मतपत्रिका उचलून दाखवतो, पक्षांचे प्रतिनिधी बघतात, आकडे निकालपत्रकावर चढतात आणि खाली सह्या होतात. मग तो कागद मतदारसंघाच्या केंद्रावर जातो आणि तिथून ब्लँटायर शहरातल्या राष्ट्रीय मोजणी केंद्रावर. देशात अशी पाच हजारांच्या आसपास केंद्रं. म्हणजे राष्ट्राध्यक्ष कोण, हे त्या हजारो कागदांवरच्या आकड्यांनी ठरतं.

त्या कागदांवर व्हाइटनर सापडलं.

आकडा खोडून त्यावर पांढरा थर, आणि त्या थरावर नवा आकडा. एखाद्या पत्रकावर घडलं असतं तर दमलेल्या कारकुनाची चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण असे कागद ठिकठिकाणाहून निघाले. काही पत्रकांवर सह्याच नव्हत्या. काही पत्रकं ठरलेल्या नमुन्यातली नव्हती. निवडणूक आयोगाच्या अध्यक्ष, न्यायमूर्ती जेन अन्सा, यांचं म्हणणं होतं की या दुरुस्त्यांमुळे निकालात फरक पडत नाही. 27 मे ला त्यांनी निकाल जाहीर केला. पीटर मुथारिका यांना 38.57 टक्के, लाझारस चक्वेरा यांना 35.41 टक्के, सॉलोस चिलिमा यांना 20.24 टक्के. दुसऱ्याच दिवशी मुथारिकांचा शपथविधी उरकला गेला.

या तिघांची थोडी ओळख हवी. पीटर मुथारिका हे दिवंगत बिंगूंचे भाऊ, अमेरिकेत वर्षानुवर्षं कायदा शिकवलेले प्राध्यापक, 2014 पासून राष्ट्राध्यक्ष. चक्वेरा मूळचे धर्मोपदेशक. असेंब्लीज ऑफ गॉड या चर्चचं मलावीतलं नेतृत्व दोन दशकांहून जास्त काळ करून ते राजकारणात आले, आणि आले तेही बांडांच्या त्याच जुन्या मलावी काँग्रेस पार्टीत. चिलिमा एका मोठ्या मोबाइल कंपनीचे प्रमुख होते. 2019 मध्ये ते मुथारिकांचेच उपाध्यक्ष असताना स्वतःचा पक्ष काढून त्यांच्याच विरोधात उभे राहिले होते.

चक्वेरा आणि चिलिमा दोघंही न्यायालयात गेले. आणि लोक रस्त्यावर आले.

(दृश्य: मोर्चा. लाल कपडे, गाणी, झाडाच्या फांद्या हलवत चालणारी माणसं. बाजूनं चालणारे सैनिक.)

मानवी हक्क कार्यकर्त्यांच्या आघाडीनं महिनोन्‌महिने मोर्चे काढले. मागणी एकच, जेन अन्सांनी राजीनामा द्यावा. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. कित्येक मोर्चांत लष्कराचे जवान मोर्चेकऱ्यांच्या बाजूनं चालत राहिले, आणि लोक त्यांच्याभोवती नाचत होते. ही दृश्यं आजही बघावीशी वाटतात.

पण सगळंच इतकं सुंदर नव्हतं, आणि ते लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही. दुकानं फुटली, सरकारी कचेऱ्या जळाल्या. ऑक्टोबर 2019 मध्ये लिलाँग्वेजवळच्या म्सुंद्वे भागात जमावानं एका पोलिस अधिकाऱ्याला दगडांनी ठेचून मारलं. त्यानंतर त्या भागात शिरलेल्या पोलिसांनी बायकांवर आणि मुलींवर बलात्कार केले. महिला वकिलांच्या संघटनेनं या बायकांची बाजू घेतली, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं त्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. मलावीच्या लोकशाहीचं कौतुक करताना या बायकांनी काय भोगलं, हे विसरून चालणार नाही. ज्या भांडणात राष्ट्राध्यक्ष कोण हे ठरत होतं, त्याची सर्वात जबर किंमत त्यांनी मोजली.

इकडे खटला चालू होता. साक्षी, उलटतपासण्या, सगळं रेडिओवर थेट ऐकू येत होतं. बाजारात, मिनीबसमध्ये, शेताच्या बांधावर लोक निकालपत्रकं कशी भरतात यावर बोलत होते. आमच्या मते या प्रकरणातली सर्वात मोलाची गोष्ट हीच. निवडणुकीच्या कागदपत्रांसारखा रुक्ष विषय एका गरीब देशानं महिनोन्‌महिने, मन लावून ऐकला. याच काळात एका मोठ्या बँकमालकानं न्यायाधीशांना लाच देऊ केली. न्यायाधीशांनी ती नाकारली आणि तक्रार केली. थॉमसन म्पिंगांजिरा या उद्योगपतीला 2021 मध्ये त्यासाठी दोषी ठरवून नऊ वर्षांची शिक्षा झाली.

(दृश्य: न्यायालयाची इमारत. निकाल ऐकून रस्त्यावर उतरलेली गर्दी, हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या.)

आणि आला 3 फेब्रुवारीचा निकाल. निवडणूक रद्द. 150 दिवसांत नवी निवडणूक घ्या.

न्यायाधीशांनी काय म्हटलं आणि काय म्हटलं नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. चक्वेरांना जास्त मतं पडली होती, असं त्यांनी म्हटलं नाही. आयोगाचा बचाव असा होता की, घोळ किती मतांचा ते दाखवा, त्यानं निकाल बदलतो ते सिद्ध करा. न्यायालयानं हा हिशेब अपुरा मानला. गैरप्रकार इतके सर्वदूर आणि इतके गंभीर होते की आकड्यांवर विश्वास ठेवायला आधारच उरला नाही, असं त्यांनी ठरवलं. पावतीवरच खाडाखोड असेल तर बाकी किती उरली यावर वाद घालून काय उपयोग?

त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती, आणि पुढचं सगळं राजकारण तिनंच बदललं. तोवर सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकायचा. 2014 मध्ये मुथारिका 36.4 टक्क्यांवर राष्ट्राध्यक्ष झाले होते. न्यायालयानं सांगितलं, राज्यघटनेतलं बहुमत म्हणजे निम्म्याहून जास्त मतं. आता कोणालाच आपल्या प्रांताच्या जोरावर जिंकता येणार नव्हतं. मलावीत उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन प्रांत. मध्य भाग चक्वेरांचा, दक्षिण मुथारिकांची, अशी मतं वर्षानुवर्षं पडत आली होती. निम्म्याच्या अटीनं पक्षांना एकमेकांच्या दारात जायला लावलं. चक्वेरा आणि चिलिमा एकत्र आले, आणखी पक्ष मिळाले आणि नऊ पक्षांची ‘टोन्से’ आघाडी उभी राहिली.

सरकार स्वस्थ बसलं नव्हतं. मार्चमध्ये लष्करप्रमुख व्हिन्सेंट नुंद्वे यांना हटवण्यात आलं. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रद्द करण्याचा निकाल कायम केला, आणि जूनमध्ये, मतदान तोंडावर असताना, सरन्यायाधीश अँड्र्यू न्यिरेंदा यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्याचा हुकूम निघाला. वकील आणि न्यायाधीश झगे घालून रस्त्यावर उतरले. न्यायालयानं हुकूम थांबवला, न्यिरेंदा खुर्चीत राहिले.

जेन अन्सांनी मे महिन्यातच राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी न्यायमूर्ती चिफुंडो कचाले आले ते 7 जूनला. मतदान 23 जूनला. हातात जेमतेम सोळा दिवस, वर कोरोनाची साथ. परदेशी निरीक्षक जवळपास नव्हतेच. तरी मतदान झालं आणि मतमोजणी लोकांच्या डोळ्यांदेखत पार पडली. चक्वेरा 58.57 टक्के, मुथारिका 39 टक्क्यांच्या वर थोडे.

2017 मध्ये केनियाच्या सर्वोच्च न्यायालयानंही राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली होती. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच घडलं होतं. पण तिथं विरोधी नेते राइला ओडिंगा यांनी फेरनिवडणुकीवर बहिष्कार घातला आणि उहुरू केन्याट्टाच पुन्हा आले. न्यायालयानं निवडणूक रद्द करायची आणि फेरमतदानात विरोधकानं जिंकायचं, हे आफ्रिकेत पहिल्यांदा मलावीत झालं. त्या पाच न्यायाधीशांना त्याच वर्षी लंडनच्या चॅटम हाउस संस्थेनं पुरस्कार दिला.

(दृश्य: पेट्रोल पंपावरची लांब रांग. बाजारात मक्याची पोती.)

पुढची पाच वर्षं मात्र वाईट गेली. क्वाचा हे मलावीचं चलन. 2022 मध्ये त्याचं 25 टक्के अवमूल्यन झालं, 2023 मध्ये आणखी 44 टक्के. 2023 च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळानं दक्षिण मलावीत हजारांहून जास्त माणसं गेली किंवा कायमची बेपत्ता झाली. मका महागला, खत परवडेना, पंपांवर इंधन मिळेना. जून 2024 मध्ये उपाध्यक्ष चिलिमा यांचं लष्करी विमान उत्तरेकडच्या चिकंगावाच्या जंगलात कोसळलं आणि विमानातले सगळे गेले. लोक चक्वेरांवर नाराज होते. खरी निवडणूक मिळाली, पण चूल पेटण्याची काळजी संपली नव्हती, आणि या दोन्ही गोष्टी लोकांना एकाच वेळी दिसत होत्या.

16 सप्टेंबर 2025 ला लोकांनी मतदान केलं. निकाल आला 24 तारखेला. आकडे जाहीर होण्याआधीच चक्वेरांनी पराभव मान्य केला होता. त्यांना 33 टक्के मतं पडली. जिंकले 85 वर्षांचे पीटर मुथारिका, 56.8 टक्क्यांनी. ज्यांची निवडणूक रद्द करण्यासाठी न्यायाधीशांना बुलेटप्रूफ जाकीट घालावं लागलं, तेच मुथारिका. आणि त्यांच्यासोबत उपाध्यक्ष म्हणून शपथ घेतली ती जेन अन्सा यांनी.

म्सुंद्वेच्या बायकांना, महिनोन्‌महिने मोर्चात चाललेल्या तरुणांना हे पाहून काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. आम्हालाही अन्सांचं नाव ऐकून धक्का बसला. पण यावेळी मुथारिकांना मिळालेली मतं निम्म्याहून कितीतरी जास्त होती. 2014 आणि 2019 मध्ये त्यांना चाळीस टक्केही गाठता आले नव्हते. न्यायालयानं घातलेली निम्म्याची अट त्यांनी पहिल्यांदाच, मतं मिळवून, पुरी केली. हरलेला माणूस घरी गेला, एकही रणगाडा रस्त्यावर आला नाही. मुथारिकांना आता मका, खत आणि डिझेल आणून द्यायचं आहे, आणि त्यासाठी त्यांच्याकडे 2030 पर्यंतचा वेळ आहे.