मोठ्या रेणूची लाट कशी पकडतात

श्रोतेहो, नमस्कार. ६० कार्बन अणूंचा फुलरीन हा रेणू लाटेसारखा वागतो, हे व्हिएन्ना विद्यापीठात मार्कुस आर्न्ट, आंटोन त्साइलिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं. हा प्रयोग कसा करतात आणि कुठे फसतो, ते आज पाहू.

आधी आकडेमोड. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. रेणूचं वस्तुमान ७२० एकक (एक एकक म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूएवढं वस्तुमान), वेग सेकंदाला सुमारे २२० मीटर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे संवेग. प्लांकचा स्थिरांक, म्हणजे क्वांटम भौतिकीतला एक ठरलेला आकडा, त्याला संवेगाने भागलं की तरंगलांबी मिळते: अडीच पिकोमीटर. पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख-कोटीवा भाग. रेणू स्वतः याच्या शेकडो पट मोठा! सगळ्या अडचणींचं मूळ या आकड्यात आहे.

भट्टीत फुलरीनची पूड ९०० ते १,००० केल्विनपर्यंत तापवली की न वितळता तिची वाफ होते. निर्वात नळीत हा झोत १० मायक्रोमीटर रुंदीच्या दोन फटींमधून जातो. फटी एकमेकींपासून मीटरभर दूर. मग सिलिकॉन नायट्राइडची जाळी, दर १०० नॅनोमीटरला एक फट. लाट एकाच वेळी अनेक फटींतून जाते आणि पलीकडे तिचे भाग एकमेकांत मिसळून कमी-जास्त रेणूंचे पट्टे उमटतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. जाळी लाटेला वळवते जेमतेम २५ मायक्रोरेडियन, म्हणजे एका अंशाचा सुमारे सातशेवा भाग. सव्वा मीटर पुढे हा सरकाव भरतो सुमारे ३१ मायक्रोमीटर. झोतच त्याहून जास्त पसरला असेल तर पट्टे एकमेकांत मिसळतात, म्हणून आधीच्या त्या दोन फटी. शेवटी बारीक लेसर आडवा सरकवत नेतात. त्याने तापलेला रेणू इलेक्ट्रॉन टाकतो आणि उरलेले आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, मोजता येतात. झोत इतका विरळ, की दोन रेणू एकमेकांना गाठतच नाहीत. व्यतिकरण होतं ते प्रत्येक रेणूचं स्वतःशीच.

आता फसतं कुठे? भट्टीतले रेणू एका वेगाचे नसतात. जितके वेग तितक्या तरंगलांबी, त्यामुळे मधल्या पट्ट्याशेजारचे पट्टे दिसतात, त्यापुढचे पुसट होतात. खाचा पाडलेल्या फिरत्या चकत्या लावून ठरावीक वेगाचेच रेणू सोडले तर चित्र स्वच्छ होतं, पण मोजायला रेणू कमी उरतात.

जाळीच्या भिंतीही नडतात. ५० नॅनोमीटरच्या फटीतून जाताना व्हॅन डर वाल्स बल, म्हणजे अगदी जवळच्या रेणू-पृष्ठभागांमधलं क्षीण आकर्षण, रेणूला ओढतं आणि फट आहे त्याहून अरुंद असल्यासारखी वागते. जड रेणूंसाठी एकामागे एक तीन जाळ्या लावतात, आणि म्हणूनच त्यांतली मधली घन पदार्थाची ठेवतच नाहीत. आरशावरून परतणाऱ्या हिरव्या लेसरची स्थिर लाट, म्हणजे जागच्या जागी राहणारे प्रकाश-अंधाराचे पट्टे, दर २६६ नॅनोमीटरला एक, ते काम करते.

उष्णतेचं प्रकरण सगळ्यांत रंजक. २००४ मध्ये ७० अणूंचा फुलरीन लेसरने तापवत नेला, तसे पट्टे विरत गेले. फार तापलेला रेणू प्रकाशकण सोडतो. त्या प्रकाशाची तरंगलांबी पुरेशी लहान असेल, तर रेणू कोणत्या वाटेने, म्हणजे कोणत्या फटीतून, गेला याची खूण बाहेर पडते, आणि वाट कळण्याजोगी झाली की पट्टे उरत नाहीत. भट्टीच्या तापमानाला हे होत नाही, कारण तेव्हा निघणारी अवरक्त लाट दोन वाटांमधल्या अंतराहून बरीच लांब असते. नळीत उरलेल्या हवेचे रेणू आदळले तरी हीच गत, म्हणून निर्वाताशी तडजोड नाही.

२०१९ मध्ये व्हिएन्नातच दोन मीटर लांबीच्या उपकरणात २५,००० एककांपलीकडच्या रेणूंचे पट्टे दिसले. एवढ्या लांबीत पृथ्वीचं फिरणंही आड येतं. संथ रेणू जास्त सरकतात, वेगवान कमी, आणि पट्टे पुसले जातात. गुरुत्वाकर्षणाचा सरकावही वेगावरच ठरतो. म्हणून जाळ्या किंचित कलत्या बसवतात आणि एका सरकावाने दुसरा खोडून काढतात.