खाकी पाकीट

ब्रिटनमध्ये श्रम आणि पेन्शन खात्याचं पत्र बहुतेक वेळा खाकी पाकिटातून येतं. दारातल्या पायपुसण्यावर ते पडलेलं दिसलं, की आजारी आईचं किंवा अपंग मुलाचं करणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो.

आठवड्याला किमान ३५ तास घरच्याच माणसाचं सगळं करायचं. अंघोळ, औषधं, रात्रीची जागरणं. त्याबद्दल मिळतो 'केअरर्स अलाउन्स'. २०२४-२५ साली तो आठवड्याला ८१ पौंड ९० पेन्स होता, म्हणजे तासाला अडीच पौंडही नाहीत.

जोडीला छोटी नोकरी चालते. पण कर वगैरे वजा जाता आठवड्याची कमाई तेव्हा १५१ पौंडांच्या पुढे जाऊन चालत नव्हती. एक पेनी जास्त झाली, तर पेनी कापत नाहीत. त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जातो. वर्षभर दर आठवड्याला एकेक पेनी जास्त पडली, तर जादा कमाई ५२ पेन्स आणि परतफेड ४,२५८ पौंड ८० पेन्स. हिशेब पुन्हा करून पाहा, बरोबर आहे.

आणि संगणकाला हे ठाऊक होतं. पगाराचे आकडे करखात्याकडून आपोआप येतात, मर्यादा ओलांडली की यंत्रणेत इशारा उमटतो. तपासायला माणसं अपुरी, म्हणून जवळपास निम्मे इशारे तसेच पडून राहिले. इकडे भत्ता बिनबोभाट बँकेत जमा होत होता. महिनोन् महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं.

मग एक दिवस पाकीट. सगळी रक्कम परत करा, बदल कळवणं तुमचं काम होतं. कायद्याने ते खरंही आहे. पण जे यंत्राला आधीच माहीत, तेच त्याला पुन्हा सांगायचं, हे थकल्या माणसाला सुचावं कसं? काहींवर तर फसवणुकीचे खटले झाले. ज्याची सेवा करायची, त्याच्यापासूनच ही लाज लपवायची. जादा पाळी नको, बोनस नको, शेवटी नोकरीच नको.

२०१९ मध्येच संसदीय समितीने इशारा दिला होता. २०२४ मध्ये 'द गार्डियन'ने प्रकरण लावून धरलं, तेव्हा सुमारे १ लाख ३४ हजार लोक मिळून २५ कोटी पौंडांहून अधिक रक्कम फेडत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये या प्रकरणाची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या लिझ सेस यांच्या अहवालाने दोष यंत्रणेच्या पदरात घातला. कमी-जास्त होणाऱ्या पगाराची सरासरी काढण्याचे खात्याचे नियमच चुकलेले होते.

एप्रिल २०२५ मध्ये मर्यादा १९६ पौंड झाली. त्यानंतरही भत्ता जायला एक पेनीच पुरत होती.